ऐंशी मायक्रॉनची भिंत

शंभरकरांचं विकास नगरात दुसरं घर आहे, आणि त्या घरात एक लहान मूलही आहे, अशी कुजबुज गेल्या पावसाळ्यात वृंदावन योजनेच्या सेक्टर सहामध्ये होती.

नुसती कुजबुज म्हणून सोडून द्यावी, तर पुरावे भक्कम होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणं आटोपली की श्रीपत शंभरकर, वय वर्षं बासष्ट, रेल्वेतून रिटायर, इस्त्रीचा शर्ट घालून, उरलेल्या केसांवरून पाण्याचा हात फिरवून घराबाहेर पडायचे. चारबागपर्यंत टेम्पो, तिथून मेट्रो, मुंशीपुलियाला उतरून ई-रिक्षा. लखनौच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला माणूस भर उन्हाघामात उगाच जात नाही. विकास नगरात शेजारच्या वसुधाताई मैनकरांची बहीण राहते. तिने त्यांना एका फाटकातून आत शिरताना दोनदा पाहिलं होतं, आणि फाटक उघडणारी बाई होती हेही पाहिलं होतं. ती बाई केवढी होती ते मात्र मधल्या पेरूच्या झाडामुळे दिसलं नव्हतं. पेरूच्या झाडाने एखाद्याच्या अब्रूचं असं नुकसान करू नये, पण केलं.

मुलाचा शोध खुद्द वसुधाताईंचा. एकदा जिन्यात श्रीपतरावांची पिशवी फाटली आणि पायऱ्यांवर टणटण करत घरंगळली ती केकवर फुलं काढायची स्टीलची नोझलं. सोबत क्रीम भरायचे प्लॅस्टिकचे कोन. वसुधाताईंनी दोन नोझलं उचलूनही दिली. "केक करताय वाटतं?" असं गोड आवाजात विचारलं. त्यावर शंभरकर नुसते लाल झाले. परत येताना त्यांच्या कानामागे पांढरं काहीतरी वाळलेलं असायचं, ते आयसिंगच. आता दर आठवड्याला केक लागतो म्हणजे घरात मूल हवंच, आणि तेही भलतंच लाडावलेलं. हिशेब अगदी सरळ होता.

हा माणूस मुळात कोण, ते कळल्याशिवाय या हिशेबातली गंमत कळायची नाही.

श्रीपतराव भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, रेल्वेच्या नोकरीत लागले आणि लखनौच्या मानक नगरात रेल्वेच्या क्वार्टरात येऊन पडले. तेहतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. रंग तपासला. रेल्वेच्या डब्याला लागणारा रंग किती जाड बसला हे मोजायचं एक यंत्र असतं, साबणाच्या वडीएवढं. पत्र्यावर टेकवलं की आकडा दाखवतं, मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्याशा फरकासाठी श्रीपतरावांनी भल्याभल्या ठेकेदारांना रडवलं होतं. रंग पातळ हवा, सारखा हवा, गुळगुळीत हवा. रंगाचे आजार त्यांना तोंडपाठ होते. ओघळ, सुरकुत्या, फोड, भेगा, पापुद्रे आणि संत्र्याची साल. रंग नीट पसरला नाही की त्यावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात, त्या दोषाला साऱ्या जगात हेच नाव आहे. नागपूरकडच्या माणसाने आयुष्यभर संत्र्याच्या नावाने माल रिजेक्ट करावा, याचं त्यांना स्वतःलाही कधीकधी वाईट वाटे.

रिटायर झाले तरी हात थांबेना. शेजाऱ्याने नवी गाडी आणली की हे पेढा तोंडात टाकून यंत्र बॉनेटवर टेकवायचे. "दोनशे चाळीस. भैया, ठोकी हुई है, दुबारा पेंट मारा है." पेढा देणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. नाक्यावरच्या हॉलमध्ये एका लग्नात स्टेजवरच्या नवरीकडे बघत ते बायकोच्या कानाशी पुटपुटले, "खाली प्रायमर नाही मारला वाटते." द्रौपदीबाईंनी एवढा जोराचा चिमटा काढला की पुढचे दोन दिवस त्यांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला नाही.

आणि या माणसाच्या बायकोला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी नाद लागला तो कसला? जाड रंगाच्या चित्रांचा! मुलगी पिंकी गुडगावला, मुलगा राजरत्न बेंगळुरूला. दुपार रिकामी. मोबाइलवर व्हिडिओ बघून द्रौपदीबाई शिकल्या. कॅनव्हासवर पांढरी पेस्ट थापायची, लोण्याच्या सुरीसारख्या पात्याने ओढायची, उकरायची, ती वाळली की वर अॅक्रिलिकचे रंग चढवायचे. सारवण, सुगडं आणि पुरणाचं सारण यांचा सराव असलेले हात होते, चटकन वळले. श्रीपतराव बाल्कनीच्या दारातून बघायचे. बायको विडी ओढायला लागली असती तर जसे बघितले असते तसे. नुसता उसासा टाकून आत जायचे.

"काहून उसासे टाकून राहिले जी?" त्या मान न वळवता विचारायच्या.

"काही नाही. सुरकुत्या पडल्या."

"पडल्या नाहीत. पाडल्या."

हे उत्तर श्रीपतरावांना कधी झेपलं नाही. सुरकुत्या कोणी पाडतं का?

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला द्रौपदीबाई दहा दिवस पवनीला गेल्या. निघताना म्हणाल्या, "बाल्कनीतलं चित्र सुकलं का, तेवढं पाहा. सुकलं की बैठकीत लावू." सहा महिन्यांत दहाबारा चित्रं झाली होती, पण बैठकीत लावायची भाषा पहिल्यांदाच निघाली होती. बाबासाहेबांच्या फोटोसमोरच्या रिकाम्या भिंतीकडे त्यांनी हातही केला. आवाज नेहमीचाच होता, पण त्या दोनदा सांगून गेल्या. श्रीपतरावांनी ते पक्कं लक्षात ठेवलं. सांगितलेली गोष्ट नीट पाहणं हा तर त्यांचा पेशा.

तर त्यांनी पाहिलं.

चित्र हाताच्या दोन वितींपेक्षा थोडं मोठं. काढलं होतं काय, ते त्यांना कळेना. हिरवट, निळसर, मधेच गुलाबी, वर पांढरे पापुद्रे. यंत्र टेकवलं तर आकडाच येईना. बरोबर आहे, यंत्राला खाली लोखंड लागतं. मग त्यांनी स्वयंपाकघरातून भाकरीचा तवा आणला, कॅनव्हासच्या पाठीमागे धरला आणि पुन्हा टेकवलं. यंत्राने तीन आडव्या रेघा दाखवल्या. म्हणजे जाडी एवढी की मोजमापाच्या बाहेर. नोकरीत अशा रेघा त्यांनी दोनदाच पाहिल्या होत्या, आणि दोन्ही वेळा अख्खा लॉट परत पाठवला होता.

त्यांना बायकोची दया आली. सहा महिने राबली बिचारी, आणि जे बैठकीत लावायचं त्यातच सगळे आजार एकाच वेळी. फोड आहेत, भेगा आहेत, ओघळ आहेत. चार लोक येणार, बघणार. रंगातल्या माणसाच्या घरात असला माल! तिला काही बोलायचं नाही. आपणच गुपचूप नीट करून ठेवायचं. येईल तेव्हा चकित होईल.

एकशे वीस नंबरचा पॉलिश पेपर आणून त्यांनी सकाळी सहाला घासायला सुरुवात केली, आणि दुपारी एकपर्यंत कॅनव्हास तळहातासारखा केला. बाल्कनीत एवढा भुगा पडला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. मग प्रायमर. वर दोन हात. रंग कोणता? तर चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढून एक राखाडी-हिरवा त्यांनी स्वतः घोटला. वाळल्यावर पुन्हा मागे तवा, वर यंत्र. कॅनव्हासची जाडी वजा केली. ऐंशी मायक्रॉन. नऊ ठिकाणी तपासलं, नऊच्या नऊ ठिकाणी ऐंशी! तेहतीस वर्षांत असा सारखा हात कुणाचा पाहिला नव्हता, आणि तो निघाला स्वतःचाच. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. चित्र त्यांनी बैठकीत टांगलं.

द्रौपदीबाई आल्या. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवता भिंतीसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ.

"छान झालं," म्हणाल्या. "सारखं झालं." आणि चहा ठेवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाल्कनी रिकामी होती. रंगांच्या ट्यूबा पिंकीच्या जुन्या पेटीत गेल्या. पेस्टचा डबा धुऊन त्यात मुगाची डाळ आली. आणि ती लोण्याच्या सुरीसारखी सुरी? तिने द्रौपदीबाई तव्यावरचं धिरडं उलटू लागल्या.

श्रीपतराव बुचकळ्यात पडले. छान झालं म्हणाली. भांडली नाही, रडली नाही, जेवायला वाढते, औषधाची आठवण करते. मग बिनसलं काय? आठवड्याने त्यांनी विचारलंच.

"आजकाल चित्र नाही काढत तू?"

"झालं ना आता. गुळगुळीत झालं."

हा वाक्यप्रकार कौतुकाचा की कसला, याचा त्यांनी दोन दिवस विचार केला. पहिल्या दिवशी कौतुकाचा वाटला. दुसऱ्या दिवशी धिरडं खाताना खात्री राहिली नाही.

खुलासा केला पिंकीने. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता तिची नजर बापाच्या डोक्यामागे गेली.

"पापा, मम्मी की पेंटिंग नहीं लगाई?"

"हे काय, मागे."

"ये? पापा, ये तो खाली है."

"खाली कसं? दोन हात मारले."

पलीकडे पिंकीने फोन ठेवला आणि एक फोटो पाठवला. जायच्या आदल्या दिवशी आईने तिला पाठवलेला, चित्राचा. खाली दोन ओळी. 'मानक नगर वाली दीवार थी पापा. आँगन वाली. मम्मी ने बताया नहीं आपको?'

मानक नगरला नोकरीची शेवटची एकोणीस वर्षं ज्या क्वार्टरात गेली, त्याच्या अंगणातली ती भिंत म्हणजे श्रीपतरावांच्या आयुष्याची नामुष्की. वरची पाण्याची टाकी झिरपायची आणि दर वर्षी भिंतीला फोड यायचे. आधी पांढरे पापुद्रे सुटायचे, खाली निळं निघायचं, निळ्याखाली हिरवं, आणि अगदी तळाशी आधीच्या कुठल्यातरी भाडेकरूने लावलेलं गुलाबी. त्यांनी अकरा अर्ज केले. चार वेळा स्वतः घासून रंगवली, चारही वेळा ती पुन्हा फुगली. दोस्त लोक चहाला आले की म्हणायचे, "शंभरकर, पहले इसको रिजेक्ट करो यार!" ते पाहुण्यांची आणि स्वतःचीही खुर्ची भिंतीकडे पाठ करून ठेवायचे. द्रौपदीबाई मात्र त्या भिंतीकडे तोंड करून एकोणीस वर्षं भांडी घासत होत्या.

त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. गुलाबी होतं. टाकीखालचा मोठा फोड होता. कपड्यांच्या दोरीसाठी ठोकलेला खिळासुद्धा होता, पेस्टचा, गंजाच्या ओघळासकट. तो खिळा मूळ भिंतीत त्यांनीच ठोकला होता, आणि बाल्कनीत बसून घासूनही त्यांनीच काढला होता. त्या सकाळी तो हाताला लागला तेव्हा त्यांना वाटलं होतं, गुठळी आहे.

आता सगळं कळलं म्हणावं तर गोंधळ वाढलाच. असल्या भिंतीचं कोणी चित्र काढतं? ताजमहाल आहे, इमामबाडा आहे, पवनीची नदी आहे. आणि काढलं तर सांगू नये? जाऊन माफी मागावी तर ती म्हणणार 'छान झालं', आणि मग पुढे काय बोलायचं? माफीपेक्षा दुरुस्ती बरी, असं त्यांच्या रेल्वेच्या डोक्याने ठरवलं. आपण बिघडवलं, आपणच परत करून द्यायचं. हुबेहूब. तिला कळायच्या आत.

विकास नगरात लीलावती सक्सेना नावाच्या बाई स्वतःच्या व्हरांड्यात चित्रकला शिकवतात, असं त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं. पहिल्या दिवशी व्हरांड्यात आठ बायका आणि हे.

"कहिए शंभरकर साहब, क्या सीखना चाहेंगे?" लीलावतीजींनी विचारलं. "फूल, लैंडस्केप?"

"जी, मुझे खराब करना सीखना है."

आठही बायकांचे हात थांबले.

पेस्ट कोनात भरून नोझलने काढली की बारीक कड उठते, म्हणून केकचं सामान घ्या, असं लीलावतीजी सगळ्यांनाच सांगतात. श्रीपतरावांनी अमीनाबादच्या बाजारातून सहा आकारांची नोझलं आणली. पण आयुष्यभर ज्या हाताने दोष काढले, तो हात दोष घालायला तयार होईना. ते थापायचे, आणि नजर वळली की अंगठा आपसूक फिरून सपाट करायचा. भेगा पाडायला सांगितलं तर त्यांनी पट्टी घेतली. फोड काढले ते एका मापाचे, इडल्यांसारखे.

"साहब," लीलावतीजी चष्मा वर करून म्हणाल्या, "आपके यहाँ तो दरारें भी क़तार में खड़ी हैं. किसी को आगे-पीछे होने दीजिए."

"कितना आगे-पीछे?"

"ये भी नापेंगे आप?"

जून गेला, जुलै गेला, सप्टेंबर संपत आला. चार कॅनव्हास झाले. चारही भिंती नव्याकोऱ्या दिसत होत्या. पाचवा चालू होता. घरी धिरड्यांचा क्रम सुरूच होता. कधी नव्हे ते श्रीपतरावांना रंगाची किळस यायला लागली, आणि किळस आली की भीती वाटायची, कारण दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

इकडे कुजबुज पिकून गळायला आली होती. शेवटी भाजीच्या ठेल्यापाशी वसुधाताईंनी ती द्रौपदीबाईंच्या पदरात घातली. हे सगळं श्रीपतरावांना नंतर कळलं, तेही वसुधाताईंकडूनच.

"द्रौपदीबाई, रागावू नका हं. मी आपली बहिणीसारखी सांगते. शंभरकर भावजींचं विकास नगरात काहीतरी आहे."

"काय आहे?"

"बाई आहे. आणि..." इथे वसुधाताईंनी दोडके खाली ठेवले, "मूलही आहे म्हणतात."

"किती वर्षांचं?"

"ते नाही बाई कळलं."

"मग केक कोण खाते?"

"म्हणजे? तुम्हाला केकचं माहीत आहे?"

"नोझलं धुऊन ठेवते ना मी," द्रौपदीबाई म्हणाल्या. "खिशात विसरतात. भैया, आधा किलो दोडकी देना." बोलल्या शांत, पण वसुधाताईंकडून त्या फाटकाचा पत्ता घेतला आणि पैसे देऊन दोडके ठेल्यावरच विसरून गेल्या.

त्या शुक्रवारी श्रीपतराव व्हरांड्यात कोन दाबत बसले होते. गळ्यात फुलाफुलांचा एप्रन, कानामागे पेस्ट. फाटक वाजलं. पेरूखालून द्रौपदीबाई आत आल्या. व्हरांड्यातल्या आठ बायकांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं. एकाहत्तर वर्षांच्या लीलावतीजींकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे, मग नवऱ्याच्या पुढ्यातल्या कॅनव्हासकडे. त्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ. अगदी त्या दिवशीसारख्या.

श्रीपतरावांच्या हातातला कोन दाबला गेला आणि पेस्टचा एक लांब गोळा चपलेवर पडला.

"हे काय करून राहिले?"

"भिंत."

"कोणाची?"

"आपली."

आता ही ओरडेल की रडेल, त्यांना अंदाज येईना. 'छान झालं' म्हणाली तर मात्र उठून गोमतीत उडी टाकायची, एवढं ठरलं.

द्रौपदीबाई वाकल्या. "फोड खाली काहून काढले?"

"ओल खालून चढते ना. शास्त्राप्रमाणे..."

"टाकी वर होती बापा! पाणी वरून येत होतं. एकोणीस वर्षं पाठ करून बसले, तुम्हाला काय दिसणार?" त्यांनी पदर खोचला, नवऱ्यापुढची सुरी उचलली आणि वरच्या कोपऱ्यात एकच ओढ दिली, तिरपी, अर्ध्यात सोडलेली. पापुद्रा सुटला. खरंच सुटला, खालून वारा शिरल्यासारखा.

"अरे वाह," लीलावतीजी म्हणाल्या. "ये कौन हैं?"

"मेरी वाइफ," श्रीपतराव म्हणाले. "इन्हीं का मैंने घिस दिया था."

आठ बायकांना त्यानंतर दहा मिनिटं हसू आवरलं नाही. द्रौपदीबाई हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. घरी येताना मेट्रोत त्यांनी एवढंच विचारलं, "खिळा काहून नाही काढला?"

"जमत नाही."

"हं," त्या म्हणाल्या. या 'हं'चा अर्थ श्रीपतरावांना चारबाग आलं तरी लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीतली ऐंशी मायक्रॉनची भिंत खाली उतरलेली होती, आणि मुगाची डाळ परत बरणीत गेली होती. द्रौपदीबाई बाल्कनीत बसल्या होत्या. त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा नवऱ्यासमोर धरला.

"हे लई गुळगुळीत केलं तुम्ही. यावर पेस्ट धरत नाही. थोडं खरबडीत करून द्या."

"किती खरबडीत?"

"हाताला लागलं पाहिजे."

श्रीपतराव खाली बसले आणि स्वतःच्या हातची, नऊ ठिकाणी ऐंशी भरलेली ती भिंत परत घासू लागले. माफ झालं की शिक्षा झाली, ते त्यांना कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. मधे एकदा हात सवयीने खिशातल्या यंत्राकडे गेला, तेव्हा बायकोने मान न वळवता फक्त "जी" एवढंच म्हटलं, आणि हात परत आला. चित्र दिवाळीच्या आत बैठकीत लागलं. खिळा आधीच्यापेक्षा मोठा आहे. वसुधाताई बघून गेल्या आणि म्हणाल्या, ओल आलीय वाटतं भिंतीला, बघून घ्या.

श्रीपत शंभरकर चार महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी विकास नगरात एका बाईंकडे जात होते, हे खरं आहे. त्या बाई लीलावती सक्सेना, चित्रकलेच्या शिक्षिका. बायकोच्या चित्रावरचा जो जाड रंग त्यांनी एका सकाळी घासून काढला होता, तो परत चढवायला ते शिकत होते. त्यांना ते आलं नाही. मूल नव्हतं. केकही नव्हता.